सोडायची राहिलेली ओळ

संगणकाच्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात आकडा होता, अकरा मिनिटं. म्हणजे यंत्र जागं होऊन अकराच मिनिटं झाली होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन. पावणेदोनातून अकरा गेले, एक चौतीस. सकाळी आठला तिने स्वतःच्या हाताने सर्व्हर सुरू केला होता आणि मधे तो बंद करायचं कुणाला काही कारण नव्हतं. केलाच, तर टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलेल्या वहीत वेळ, कारण आणि सही, हा नियम तिनेच घातलेला. तिने वाकून वही उघडली. शेवटची नोंद तिच्याच अक्षरातली, आठ महिन्यांपूर्वीची. त्यानंतर पान कोरं, इतकं कोरं की मधली धूळसुद्धा कुणी झटकलेली नव्हती. मग तिने यंत्राने आपणहून ठेवलेली नोंद काढली, कारण माणूस लिहायचं विसरतो, यंत्र विसरत नाही. काल एक तेहेतीस. शनिवारी एक छत्तीस. शुक्रवारी एक चौतीस. ती खाली खाली जात राहिली आणि सुट्टीचे वार सोडले तर एकही दिवस असा सापडेना, ज्या दिवशी दुपारी सगळे डबा खायला गेले असताना कुणीतरी येऊन सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला नव्हता. सात महिने. ती बाळंतपणाला गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांपासून. तिच्या मानेवरून मुंगी चालल्यासारखं झालं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते रोज ठरल्या वेळी, वक्तशीर मुरत होतं.

त्याच वेळी मोबाइल थरथरला. सासूबाईंनी मुलीचा फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं, ‘आत्ताच उठली, खेळतेय.’ चटईवर पालथी पडून मुलगी मान वर करून हसत होती. खालचे दोन दात, त्यांच्यामधली फट, हनुवटीवरची लाळ. तिच्या छातीत गोड कळ आली आणि पाठोपाठ, कळ विरायच्या आतच, नजर मुलीवरून सरकून चटईवर गेली. चटईवर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडल्या होत्या, लांबलचक, तिरप्या. त्या खिडकीत ऊन येतं ते सकाळी. दहा-साडेदहाला ते निघून जातं आणि मग दिवसभर त्या खोलीत सावली नावाला पडत नाही. पाच महिने ती त्याच चटईवर मुलीशेजारी लोळत होती, गजांच्या सावल्या मोजत दूध पाजत होती, तिला कुणी शिकवायला नको होतं. फोटो सकाळचा होता. मग ‘आत्ताच उठली’ कशाला? तिने मागचे फोटो काढले. कालचा, परवाचा, त्याच्या आधीचा. दुपारी पाठवलेल्या प्रत्येक फोटोत सकाळचं ऊन. फोटो पाहण्यात जन्म चाललेल्या बाईला ही गोष्ट पाच आठवडे दिसली नाही, याची तिला आधी लाज वाटली. भीती मागून आली.

कामावर परत येऊन तिला पाचच आठवडे झाले होते. शाळांचे, कारखान्यांचे, ओळखपत्रांचे फोटो काढून देणाऱ्या त्या संस्थेत रोज हजारभर चेहरे सर्व्हरवर येत. तिथे फोटो दुरुस्त करायचा प्रोग्रॅम होता, आणि तो माणसाच्या हाताने न चालवता आपोआप चालावा म्हणून तिने सूचनांची एक लांबलचक यादी लिहिली होती. सगळे तिला स्क्रिप्ट म्हणत. फोटो उघड, चेहरा सरळ कर, मागची भिंत पांढरी कर, डाग पूस, उजळ, साठव, बंद कर, पुढचा घे. एका वेळी एक फोटो हातात, काम झालं की हात रिकामा. आदल्या दिवशी, सोमवारी, मात्र हात रिकामा झाला नाही. दोन शाळांचं काम एकदम आलं होतं आणि अकरा वाजता ती फोटोमागे लावायचे पडदे ठेवायच्या खोलीत, गुंडाळलेल्या निळ्या-राखाडी पडद्यांच्या आडोशाला बसून दूध काढत होती. अकरा वाजले की छाती दगडासारखी व्हायची, मुलीला ठाऊक असो-नसो. बाटलीत जेमतेम बोटभर दूध जमलं असेल, तेवढ्यात दारावर थापा पडल्या. यंत्र अडकलं होतं. मेमरी काठोकाठ भरली होती आणि अर्धवट उघडलेले दोनशे बारा चेहरे करड्या पट्ट्या होऊन पडले होते. बटणं उलटसुलट लावून ती धावत आली आणि वहीत न लिहिताच यंत्र बंद-चालू केलं, तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. निदान तिला तसं वाटलं. संस्था चालवणाऱ्या मॅडमनी एवढंच विचारलं, की दिवसभर पुरणारी मेमरी अकरालाच संपते कशी, कुणाच्या हातून काय झालंय. शुक्रवारपर्यंत कारण हवं. दोन शाळांना उत्तर द्यायचंय, आणि ज्याच्या हातून झालं त्याला सर्व्हरपाशी ठेवायचं नाही.

तिच्याखेरीज सर्व्हरला हात लावणारं माणूस एकच, मामा. ते कुणाचेच मामा नव्हते. या जागेत पूर्वी फोटो धुवायची काळोखी खोली होती, तेव्हापासून ते होते, आणि खोली गेली तरी ते राहिले. बोटांची टोकं अजून औषधांनी पिवळी. चेहरा उजळला किती आणि करपला किती, हे ते पडद्याला नाक लावून सांगत. तिनेच त्यांना स्क्रिप्ट वाचायला शिकवली होती, सातव्या महिन्यात, पोट टेबलाला अडत असताना. ते प्रत्येक ओळ वहीत उतरवून घेत आणि विचारत, “ताई, हे असं लिहिलं नाही, तर यंत्राला राग येतो का?” तेव्हा तिला हसू यायचं. आता त्याच प्रश्नाला तिला दुसरा वास येऊ लागला. इतकं साधं विचारणारा माणूस इतका साधा असतो का? तिच्या माघारी त्यांनी स्क्रिप्टमध्ये चार ठिकाणी बदल केले होते. तिने आल्या आल्या पाहिले होते आणि बोलली नव्हती. उजळायचं प्रमाण कमी केलं होतं, डाग पुसणं हलकं केलं होतं. बदल चांगले होते, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागले होते. आपण नसताना आपल्या स्वयंपाकघरात कुणीतरी डबे नीट लावून ठेवावेत, तसं. आभार मानावे लागतात आणि डबा मात्र सापडत नाही.

बुधवारी दुपारी ती डबा खायला गेली नाही. दूध काढायचंय असं सांगून पडद्यांच्या खोलीत बसली आणि दार बोटभर उघडं ठेवलं. एक एकतीसला मामा आले. डबा हातात, न उघडलेला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कामाला लागलेला माणूस असा पाहत नाही. पडद्यापाशी वाकले, फोटोंची रांग संपल्याची खात्री केली, बटण दाबलं. मग यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत उभेच राहिले, एक हात त्याच्या पाठीवर ठेवून, आजारी जनावरापाशी उभं राहावं तसे. वहीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते गेल्यावर तिने मेमरीचा आलेख पाहिला. सकाळपासून जिन्यासारखी चढत गेलेली मेमरी एकदम तळाला. म्हणजे यांना माहीत आहे. मेमरी सुटत नाही, साठत जाते, हे यांना माहीत आहे. रोज दुपारी यंत्र बंद करून हा माणूस तेवढं पुसून टाकतो आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. ज्याने काही केलं नाही तो लपवेल कशाला? चोराच्या मनात चांदणं.

त्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा मुलगी सासूबाईंच्या कडेवर होती. तिला पाहून झेपावली, कुशीत शिरली आणि शिरताच झोपली, दिवसभर काहीतरी उचलून दमल्यासारखी. पापण्या किंचित सुजल्या होत्या का? की उजेडच तसा होता? तिने सहज विचारावं तसं विचारलं, दुपारी किती वेळ झोपली होती. सासूबाई म्हणाल्या, झोपते की चांगली, दोन तास. “मग आत्ता कशी लगेच झोपली?” सासूबाई ओट्याकडे वळल्या. “लहान मूल आहे. त्याचं काय घड्याळ लावलंय?” पाठमोरं बोलणं. आपण औषधांचं कपाट उघडून बाटल्यांच्या पातळ्या बघतोय, हे तिला बाटली हातात घेतल्यावर कळलं. झोप आणणारं सर्दीचं औषध होतं तेवढंच होतं. मग भीतीला दुसरा फाटा फुटला. मुलगी दुपारी इथे नसतेच का? शेजारी ठेवतात का? आणि सगळ्यांत खाली, जिथे हात घालायचं तिच्या जिवावर येत होतं तिथे, आणखी एक होती. मुलगी मजेत असेल, आपल्यावाचून तिचं काही अडत नसेल, आणि ते आपल्याला दिसू नये म्हणून सासूबाई मोजून-मापून एक हसू पाठवत असतील. रात्री नवऱ्याला सावल्यांचं सांगितलं, तर तो फोटो पाहत राहिला आणि म्हणाला, “तू हल्ली फोटोत मुलगी सोडून बाकी सगळं बघतेस.” वाईट हेतूने म्हणाला नाही. तरी ते वाक्य तिने जपून ठेवलं. हल्ली ती सगळंच जपून ठेवत होती. कोण काय म्हणालं, कुठल्या सुरात, कुणाकडे बघून. टाकून द्यायचं तिला सुचत नव्हतं.

गुरुवारी ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली. काचेची केबिन, आतलं दिसतं, ऐकू येत नाही. तिने रोजच्या वेळांची यादी ठेवली. मॅडमनी वाचली आणि विचारलं, म्हणजे काय? “माझ्या सुट्टीत मामांनी स्क्रिप्टला हात लावलाय,” ती म्हणाली. “आणि ते रोज लपवून रीस्टार्ट करतायत.” दोन्ही वाक्यं खरी होती. ती एकाशेजारी एक ठेवली की त्यांतून निघणारं तिसरं मात्र तिने उच्चारलं नाही, ते मॅडमवर सोडलं. मॅडम म्हणाल्या, उद्या दुपारी बोलावते त्यांना, खालच्या मजल्यावर पाकिटं भरायला माणूस हवाच आहे. बाहेर आली तेव्हा मामा एका पोरीच्या फोटोवर वाकले होते. त्यांनी वर पाहून विचारलं, “ताई, चेहरा उतरलाय. बाळ बरं ना?” ती हो म्हणाली.

कारण दाखवायचं तर पुरावा हवा. बाजूला काढलेल्या जुन्या यंत्रावर तिने स्क्रिप्टची नक्कल उतरवली आणि एकच फोटो शंभरदा त्यातून फिरवला. मेमरी चढली. छान. मग तिने मामांचे चारही बदल काढून टाकले आणि खुर्चीत मागे टेकून, निकाल माहीत असलेल्या माणसासारखी, पुन्हा शंभर फिरवले. मेमरी तशीच चढली. पायरीला पायरी, तसूभर फरक नाही. काहीतरी चुकलं असणार म्हणून तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. शुक्रवारी कामावर आल्या आल्या ती एकेक पायरी काढत बसली. मागची भिंत पांढरी करू नकोस. चढतेय. उजळू नकोस. चढतेय. डाग पुसू नकोस, सरळ करू नकोस, साठवूसुद्धा नकोस. नुसता उघड आणि बंद कर. प्रोग्रॅम म्हणत होता, उघडे फोटो शून्य. आणि मेमरी चढत होती. दार उघडून कुणी आत येतं, बाहेर जाताना दिसतं, आणि तरी घरात माणसं वाढतच जातात, तसं. आता स्क्रिप्टमध्ये उरलं होतं तरी काय? सगळ्यात वरची चौकट, जिच्या आत बाकीच्या पायऱ्या चालत. ती तिने तपासलीच नव्हती. चौकट तिची होती, आणि आपल्याच घराचा उंबरा कोण तपासतं? ती वर गेली. पाचवी ओळ, सहावी, आणि मग त्या आठ ओळी.

त्या तिला एकदम आठवल्या. वासासकट आठवल्या. त्या दिवशी खाली रंग देत होते आणि तिला मळमळत होतं. आठवा लागायचा होता. एक बाई पाकीट घेऊन आली होती, शाळेतला फोटो होता. बाई भांडली नाही, आवाजही चढवला नाही. फोटो तिच्यासमोर ठेवून म्हणाली, “ही माझी मुलगी नाही.” मुलीच्या गालावर जन्मखूण होती, पानाच्या आकाराची, तांबूस. स्क्रिप्टने ती डाग समजून पुसून टाकली होती. सफाईने, मागमूस न ठेवता. मूळ फोटोही उरला नव्हता, त्याच्यावरच नवा साठवला जात असे. बाई गेली तरी तिचा हात आपल्या पोटावरून निघेना. आतल्या जिवाला कुठे खूण असेल, कुणास ठाऊक. त्याच संध्याकाळी तिने त्या आठ ओळी लिहिल्या. पुढे कुठलाही चेहरा दुरुस्त करण्याआधी त्याचं मूळ रूप यंत्राने हातात धरून ठेवायचं, एका यादीत, आणि शेवटच्या तपासणीत चेहरा पसंत पडला की मगच सोडून द्यायचं. धरायची ओळ लिहून झाली. सोडायची राहिली, कारण पाठीत कळ आली होती. म्हणून तिने स्वतःसाठी टीप लिहून ठेवली. ती आता समोर होती, ‘उद्या – सोडायची ओळ घालणे.’ दुसऱ्या दिवशी रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी तिला ठेवूनच घेतलं, आणि तो उद्या काही आला नाही. यंत्र बिचारं सांगितल्याप्रमाणे धरत राहिलं होतं. सात-आठ महिने, रोज हजार चेहरे, त्यांच्या मूळ खुणांसकट, हात भरून मुंग्या येईपर्यंत.

तिच्या टिपेखाली आणखी एक टीप होती. तारीख ती गेल्यानंतर तीन आठवड्यांची. ‘ताईंची ओळ आहे. हात लावू नये. जन्मखुणेसाठी आहे. त्या आल्या की विचारणे. तोवर दुपारी रांग रिकामी असताना बंद-चालू.’

तिने मान वर केली. काचेपलीकडे मामा मॅडमसमोर उभे होते. मॅडम बोलत होत्या, टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. मामा मान हलवत होते आणि मधूनच, चोरून, मॅडमच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होते. कालपर्यंत ती म्हणाली असती, पाहा कसे नजर चुकवतायत. घड्याळात एक अडतीस झाले होते. मामांना आत बोलावल्यामुळे आज यंत्र कुणी बंद केलं नव्हतं. आलेखाचा जिना छताला टेकत आला होता, आणि दोनला फोटोंची दुसरी खेप लागायची होती. खालच्या मजल्यावर पाठवायचं पत्र समोर असताना त्या माणसाला घोर लागला होता तो याचा.

ती उठली. रांग रिकामी आहे का पाहिलं, बटण दाबलं आणि यंत्र गुणगुणेपर्यंत थांबली. तिचाही हात नकळत त्याच्या पाठीवर गेला. पाठ गरम होती. मग ती टेबलाखाली वाकली आणि वहीत लिहिलं, एक एकेचाळीस, बंद-चालू, कारण – माझी ओळ. सही केली. सुतळीची गाठ आठ महिन्यांत आवळून दगड झाली होती. नखाने सुटेना तेव्हा तिने दातांनी सोडवली, आणि लोंबत्या सुतळीसकट वही घेऊन केबिनमध्ये गेली.

मॅडमनी नोंद वाचली. मग तिने मोबाइलवर काढून आणलेला त्या दोन टिपांचा फोटो वाचला, आधी वरची, मग खालची. “काल तू मला सांगितलंस, मामांनी हात लावलाय.”

“हो,” ती म्हणाली. “सांगितलं.”

मामांनी तिच्याकडे पाहिलं. फार नाही, एकदाच. तेवढ्यात त्यांना कालचा सगळा दिवस कळला असावा, बाळाची विचारपूस केली तो क्षण धरून. तिने विचारलं, सांगितलं का नाही. वहीत का नाही लिहिलं. “वहीत लिहिलं की ते मॅडमपर्यंत जातं,” मामा म्हणाले, जणू मॅडम तिथे नव्हत्याच. “तुम्ही अंथरुणात होतात. बाळंतिणीची चूक का तिच्या माघारी सांगायची असते?” मग थोडं थांबून, “आल्यावर विचारणारच होतो. पण आल्यापासून तुम्ही कुणाशी बोललात कुठे, ताई? नुसत्या बघत असता.”

 मॅडमनी टाइप केलेला कागद उलटा करून ठेवला आणि तिला म्हणाल्या, ओळ आजच घाल, चुकीचं लेखी दे, आणि तुझं काय करायचं ते सोमवारी बघू. मामांना म्हणाल्या, तुम्ही लपवलंत तेही बरोबर नाही. मामा हो म्हणाले. दारापाशी ते थबकले. तिला वाटलं आता बोलतील, आणि ते ऐकायला ती तयार झाली.

“रांग रिकामी होती ना,” त्यांनी विचारलं, “बंद केलंत तेव्हा?”

सोडायची ओळ सहा शब्दांची होती. ती घालून तिने शंभर फोटो फिरवले. मेमरी थोडी चढली, उतरली. चढली, उतरली. झोपलेल्या पोराच्या पोटासारखी. पलीकडे मामांनी डबा उघडला होता आणि तिच्याकडे पाठ करून जेवत होते. ती पाठ किती दिवस तशीच राहील, हे तिला सांगता आलं नसतं. मोबाइल थरथरला. चटई, हसू, लांबलचक सावल्या. ‘आत्ताच उठली.’ तिने बराच वेळ त्या फोटोवर बोट ठेवलं आणि मग फोन लावला. म्हणाली, आई, आत्ताचा फोटो पाठवा. जशी असेल तशी.  पलीकडे, सासूबाईंच्या मागे, काहीतरी ऐकू येत होतं, ते दाराच्या किंवा बोटाच्या आड दाबल्यासारखं बंद झालं. “तू तिकडे कामात असतेस,” सासूबाई म्हणाल्या. “उगीच जिवाला घोर कशाला?” ती म्हणाली, “असू दे घोर. पाठवा.”

फोटो आला तो हललेला होता. स्क्रिप्टने तो पहिल्याच पायरीला नापास केला असता. मुलगी बाहेरच्या दाराशी बसली होती, तोंड आ वासलेलं, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत सगळं ओलं, आणि दोन्ही हातांनी आईची घरातली चप्पल छातीशी धरलेली. मागून सासूबाईंचा एक हात तिच्याकडे येत होता, तोही अस्पष्ट. तिने सवयीने आधी सावली शोधली. सावली नव्हती. दुपारी त्या बाजूला नसतेच. मग तिने मुलीकडे पाहिलं, आणि पाहताना समोरच्या पडद्यावर चेहरे एकामागून एक येत राहिले आणि सुटून जात राहिले.